सिबिल रिपोर्ट घरबसल्या कसा काढायचा आणि त्यात नक्की काय बघायचं

लोन रिजेक्ट झालं की मगच सगळ्यांना सिबिल, म्हणजे आपल्या कर्जांचा आणि हप्त्यांचा रेकॉर्ड, आठवतं. बँकेतला माणूस काही तुम्हाला ओळखत नसतो, तुम्ही गावात किती सरळमार्गी म्हणून ओळखले जाता याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, तो तुमच्या पॅनवर काय चढलंय तेवढंच बघतो आणि तिथे दुसऱ्याचं कर्ज घुसलेलं असलं तर थकबाकीदार तुम्हीच. बरं स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे तुमचे मार्क, कमी होतो ही अफवा कोणी काढली देव जाणे, तसं काही होत नाही.

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हा रेकॉर्ड ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचाच असतो. पैसेवाल्या प्लॅनकडे बघू नका, फ्रीवाला शोधा, आणि तो त्यांच्याच साइटवरून काढा, कुठल्यातरी अनोळखी ॲपला पॅन आणि ओटीपी देत बसू नका.

300 ते 900 मधला स्कोअर दिसेल, तो जरा बाजूला ठेवा. आधी अकाउंट्स बघा. प्रत्येक लोनखाली महिन्यांचे चौकोन असतात, 000 म्हणजे हप्ता वेळेवर, 030 म्हणजे 30 दिवस उशीर. अनोळखी लोन दिसलं की लगेच फ्रॉड फ्रॉड करू नका, मोबाईल ईएमआयवर घेतला असेल तर दुकानाचं नाही, फायनान्स कंपनीचं नाव येतं. मेव्हण्याला बँकेत जामीन राहिलात ना, ते पण इथे दिसतं, आणि त्याने हप्ते थकवले तर भोगायचं तुम्ही. 'सेटल्ड' लिहिलेलं बघून खूश होऊ नका, त्याचा अर्थ बँकेने कमी पैशात प्रकरण मिटवलं आणि पुढच्या बँकेला ते आवडत नाही. पूर्ण फेडलेल्या लोनपुढे 'क्लोज्ड' पाहिजे.

मग एन्क्वायरी, म्हणजे तुमचा रिपोर्ट कोणी कोणी मागवला त्याची यादी. लोक हा भाग वाचतच नाहीत, पण तुम्ही अर्जच केला नाही आणि तरी कुठल्या कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवलाय म्हणजे तुमचा पॅन कोणीतरी वापरत असू शकतं, लोन पास व्हायच्या आधी कळण्याची जागा हीच.

चूक सापडली तर साइटवरच डिस्प्यूट, म्हणजे दुरुस्तीची तक्रार, टाका आणि त्या बँकेलाही मेल करा. 30 दिवसांत निपटारा व्हायला हवा, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, हा नियम 2024 पासून आहे. तरी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सरळ सरळ फसवणूक असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करा, तक्रारीची कॉपी डिस्प्यूटला जोडा. आणि एका कंपनीकडे दुरुस्त झालं म्हणून बाकी तिघींना विसरू नका, तिथेही बघावं लागतं.

यापुढे आधारची झेरॉक्स वाटताना मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या साइटवर फुकट मिळतं. पॅनची कॉपी द्यावीच लागली तर त्यावर तारीख घालून 'फक्त रूम भाड्यासाठी' असं ठळक आडवं लिहायचं, एजंट तोंड वाकडं करेल, करू दे.