जर्मनीला जायचंय? मग आधी कशासाठी ते ठरवा

आमच्या नौपाड्याच्या घरातून दोन वर्षांत तिघं जर्मनीला गेले, भाची शिकायला, ताई तिला भेटायला आणि माझे धाकटे दीर नोकरी शोधायला, आणि तिघांचा व्हिसा वेगळा. म्हणून कुणी विचारलं की मी पहिलं हेच विचारते, कशासाठी जायचंय? कारण भाचीला एका एजंटने सरळ सांगितलं होतं की आत्ता टुरिस्टवर जा, तिकडे कॉलेज बघू आणि व्हिसा बदलून घेऊ. असं होत नाही हो. शेंगेन व्हिजिट व्हिसावर, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या थोड्या दिवसांच्या व्हिसावर, गेलेल्या आपल्या माणसाला साधारणपणे परत यावं लागतं आणि इथूनच नवा अर्ज करावा लागतो, तोवर पैसे आणि ॲडमिशन दोन्ही गेलेलं असतं.

भेटायला किंवा फिरायला जाणार असाल तर शेंगेन. ताईचं तिकीट आम्ही 1 मे ते 31 जुलै काढायला निघालो होतो, तीन महिनेच तर आहेत म्हणून, आणि भाचीने फोनवर मोजून दाखवलं की हे 92 दिवस होतात. मर्यादा आहे कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, आणि उतरलात तो दिवस आणि निघालात तो दिवस दोन्ही धरतात. त्यामुळे महिने मोजू नका, कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजा. फी मोठ्यांना 90 युरो, ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा, आणि अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. पण मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच अपॉइंटमेंटच्या मागे लागा. आणि जर्मनीत चार दिवस, पॅरिसला आठ दिवस असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे करायचा, जिथे जास्त दिवस राहणार तो देश.

व्हिसा देणाऱ्यांना बघायचं असतं की हा माणूस परत येणार का. ताईचं पेन्शन, आयटी रिटर्न, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सगळं लावलं, गावच्या जमिनीचा सातबारा लावला पण तो मराठीत म्हणून इंग्रजी भाषांतर करून घेतलं. एक काम मात्र अजिबात करू नका, अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून दोन लाख घेऊन खात्यात टाकणं. स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतं आणि उलट शंका येते. मुलगी-जावई खर्च करणार असतील तर त्यांनी तिकडच्या सरकारी ऑफिसातून हमीपत्र करून पाठवावं, ते लपवायची काहीच गरज नाही.

शिकायला जायचं तर गणित वेगळं. सगळ्यात आधी एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमच्या मार्कशीट खऱ्या आहेत याची तपासणी, नोव्हेंबर 2022 पासून आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते लागतंच. ॲडमिशनचं पत्र आल्यावर बघू म्हणून थांबू नका, शेवटच्या वर्षाला असतानाच त्याची माहिती काढून ठेवा. मग ब्लॉक्ड अकाउंट, त्यात वर्षाचे 11,904 युरो आधीच भरायचे आणि तिकडे गेल्यावर महिन्याला 992 मिळतात, युरो शंभर रुपये धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जातं. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी फी नाही हे खरं आहे, पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात, तेव्हा कॉलेज निवडताना राज्यही बघा. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण त्या कमाईच्या भरवशावर घरून निघू नका. डिग्री झाली की नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, आणि हा बदल मात्र तिथे राहूनच होतो.

आता नोकरी. हातात ऑफर असेल आणि पगार चांगला असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना, 2025 साठी वर्षाला 48,300 युरो ही रेषा होती, माणसांची टंचाई असलेल्या क्षेत्रांत थोडी कमी, आणि ती दरवर्षी बदलते. ऑफर नसेल तर जून 2024 पासून चान्सेनकार्ट आलंय, म्हणजे तिथे जाऊन नोकरी शोधायचा परवाना, तो पॉइंट मोजून मिळतो. माझ्या दिरांचं वय 33, मेकॅनिकल इंजिनियर, रबाळे एमआयडीसीत सहा वर्षं काम. पस्तिशीच्या आत म्हणून 2 पॉइंट, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव म्हणून 3, टंचाईचं क्षेत्र म्हणून 1, झाले 6, आणि 6 च लागतात. पण पॉइंट मोजायच्या आधी डिग्री किंवा किमान दोन वर्षांचं ट्रेनिंग लागतं, शिवाय भाषेची पातळी जर्मनमध्ये ए-वन (अगदी सुरुवातीची) किंवा इंग्रजीत बी-टू (बऱ्यापैकी वरची), आणि महिन्याला 1,091 युरोप्रमाणे वर्षभराच्या खर्चाचा पुरावा (हा 2025 चा आकडा). तिथे आठवड्याला 20 तास पार्टटाइम चालतं. मी तर म्हणेन इंग्रजीवर भागत असलं तरी जर्मनचा क्लास लावाच, दीर ठाण्याहून लोकलने जाऊन शिकले आणि इंटरव्ह्यूत तेच कामी आलं.

आणि आता ज्यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला ते. नावं! आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आईचं नाव, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. भाचीच्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं आणि डिग्रीवर ते नव्हतं. ताईच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं, म्हणून लग्नाचं सर्टिफिकेट लावावं लागलं. भाचीच्या कागदांसाठी नावाची दुरुस्ती सरकारी गॅझेटमध्ये करून घेईपर्यंत सहा आठवडे गेले. त्यामुळे वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात जायच्या आधी, एजंटला फोन करायच्या आधी, सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवून बघा.