दुबईत समुद्राकाठी फ्लॅट घ्यायचाय? मग सुरुवात कोल्हापुरातल्या बँकेतून करा

गेली २८ वर्षं मी कोल्हापुरात दस्तलेखक म्हणून काम करतोय. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, गहाणखत लिहिण्यातच हयात गेली. थोरली मुलगी नोकरीमुळं दुबईत असते. वडिलोपार्जित जमिनीतला माझा वाटा विकला, तेव्हा मी आणि सौ.नं मिळून दुबई मरीनात एक बेडरूमचा जुना फ्लॅट घेतला. तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आपल्या नावावर होतंय का तिथं?"

होतं. दुबईच्या २००६ च्या ७ क्रमांकाच्या कायद्यानं परदेशी माणसाला ठरवून दिलेल्या भागांत पूर्ण मालकी घेता येते. मरीना, पाम जुमेरा, जुमेरा लेक टॉवर्स, डाउनटाउन हे त्यातलेच. आपल्याकडं शेतकरी नसलेल्याला शेतजमिनीचं खरेदीखत करता येत नाही, तसंच तिथं या भागांबाहेर आपलं नाव लागत नाही. म्हणून एजंटानं इमारत दाखवली की आधी ती मालकी हक्काच्या भागात आहे का ते बघा. समुद्र किती दिसतो ते नंतर.

पण खरं काम इथंच आहे. व्यवहार दुबईत होतो, तो पुढं टिकणार की अडकणार हे मात्र आपल्या गावच्या बँकेत ठरतं.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेत प्रत्येक माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. तिथलं चलन दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, म्हणजे माणशी ९ लाख १८ हजार दिरहम. आमचा फ्लॅट साडेबारा लाख दिरहमचा. एकट्याच्या मर्यादेत तो बसत नव्हता, म्हणून दोघांनी आपापल्या खात्यातून पैसे पाठवले आणि दोघांचीही नावं मालकीत लावली. पैसे एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, असं करू नका. इथल्या बँकेचं कर्ज काढून या योजनेत घरासाठी पैसे पाठवता येत नाहीत, हेही आधीच लक्षात घ्या. पाठवलेले पैसे वापरले गेले नाहीत, तर १८० दिवसांत परत आणावे लागतात. म्हणून फ्लॅट नक्की झाल्याशिवाय सगळी रक्कम हलवू नका.

बँकेत ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज भरताना माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट सांगतो. टेबलावरच्या साहेबांनी मुलगी तिथं आहे हे ऐकून 'जवळच्या नातेवाइकांचा निर्वाह' हे कारण लिहायला घेतलं. काम लवकर होईल, म्हणाले. मी पेन खाली ठेवायला लावलं. परदेशात स्थावर मालमत्ता घेण्याचा कोड वेगळा आहे, एस ०००५. दस्तात चतु:सीमा चुकली की पुढच्या पिढ्या कोर्टात जातात, हे मी रोज बघतो. इथं कारण चुकलं तर फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची नोटीस येऊ शकते. फॉर्म दुसऱ्यांदा भरला, दोन दिवस गेले, पण आज तो कागद माझ्याजवळ बरोबर लिहिलेला आहे.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर. वर्षाला माणशी १० लाख रुपयांच्या वर पाठवलं की त्यावरच्या रकमेवर बँक २० टक्के कापून सरकारात भरते. दोघांनी मिळून ३ कोटी पाठवले तर २० लाख वगळून उरलेल्या २ कोटी ८० लाखांवर ५६ लाख! हा खर्च नव्हे, तो तुमच्या आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर तेवढी रोकड हाताशी लागते. जमीन विकली त्याच वर्षी पैसे पाठवले, तर त्या विक्रीवरच्या कराला हा टीसीएस लावता येतो. मात्र 'जमिनीचा नफा घरात घातला, आता कर नाही' या समजुतीत राहू नका. ती सूट फक्त भारतातल्या घराला आहे.

आणि "रोख इथं द्या, दिरहम तिथं घ्या" म्हणणारा माणूस भेटेलच. मलाही भेटला. त्याला चहा पाजून वाटेला लावा. तो हवाला आहे आणि त्यात फ्लॅटसुद्धा जाऊ शकतो.

दुबईतलं काम त्या मानानं सरळ आहे. एजंटाकडं रेराचं, म्हणजे तिथल्या मालमत्ता नियामकाचं ओळखपत्र मागा. आपण सर्च रिपोर्ट काढतो, तसं तिथं दुबई लँड डिपार्टमेंटच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर टायटल डीड, म्हणजे मालकीचा दाखला तपासता येतो. फ्लॅट ठरला की विकणाऱ्याबरोबर 'फॉर्म एफ' म्हणजे करारनामा होतो आणि बहुतेक वेळा १० टक्क्यांचा चेक ठेवावा लागतो. मग बिल्डरची एनओसी. ती आली की ट्रस्टी ऑफिसात, म्हणजे हस्तांतर नोंदवणाऱ्या कचेरीत, विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, बँकेचा मॅनेजर्स चेक हातात दिला जातो आणि टायटल डीड निघतं. तो चेक काढण्यासाठी तिथल्या बँकेत अनिवासी खातं आधीच उघडा. आमचं उघडायला तीन आठवडे लागले.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल, तर पैसे फक्त प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या खात्यात भरा. २००७ च्या कायद्यानं ते खातं बंधनकारक आहे.

वरखर्च आमचा असा झाला: हस्तांतर फी ४ टक्के, म्हणजे ५० हजार दिरहम, एजंटाचे २ टक्के व त्यावर ५ टक्के व्हॅट, २६ हजार २५०, ट्रस्टी ऑफिसचे ४ हजार २००. एकूण ८० हजारांच्या वर. आपल्याकडं नोंदणी फीला ३० हजार रुपयांची कमाल मर्यादा असते, त्या हिशोबानं गेलात तर गडबडाल. त्यानंतर दरवर्षी सर्व्हिस चार्ज चौरस फुटावर लागतो. आमच्या इमारतीत तो १६ दिरहम आहे, ७०० फुटांचे ११ हजार २०० झाले. एसीच्या गारव्याचं, म्हणजे चिलरचं बिल कोण भरतं हे सौदा करतानाच विचारा. हा प्रश्न आमच्या मुलीनं विचारला म्हणून आम्ही वाचलो; मला सुचलाच नसता.

भाड्यावर तिथं व्यक्तीला आयकर नाही, पण इथं आपण रहिवासी असल्यानं ते उत्पन्न दाखवावंच लागतं. भाडं येवो न येवो, रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅट दरवर्षी लिहायचा. तो लपवला तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. तक्ता जानेवारी ते डिसेंबर असा भरतात, एप्रिल ते मार्च नाही, हे सीएला आठवण करून द्या.

स्वतः जाता येत नसेल तर कुलमुखत्यारपत्र इथं करून, नोटरीनंतर मंत्रालय, परराष्ट्र खातं आणि मुंबईतली युएईची वकिलात या क्रमानं साक्षांकित करून, तिथं अरबी भाषांतर लागतं. मुखत्यारपत्रात फ्लॅटचा नंबर आणि अधिकार नेमके लिहा. 'सर्व व्यवहार' असं मोघम लिहू नका. आणि मृत्युपत्र. बिगरमुस्लिमांसाठी २०१५ पासून डीआयएफसी या दुबईतल्या आर्थिक केंद्रात मृत्युपत्र नोंदवता येतं. टायटल डीड हाती आल्यावर मुंबईचं विमान पकडण्याआधी आम्ही दोघांनी त्याचीच चौकशी सुरू केली.