कॅमेऱ्याच्या दाव्याखालची तळटीप वाचा, या चुका टाळा

कॅमेरा कंपन्यांनी छापलेला आकडा सहसा खोटा नसतो. पण तो कोणत्या परिस्थितीत मोजला, ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. आपण आकडा लक्षात ठेवतो, तळटीप सोडून देतो आणि फोटो बिघडले की कॅमेऱ्यात दोष शोधत बसतो.

सगळ्यात जास्त फसगत स्टॅबिलायझेशनच्या, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीच्या बाबतीत होते. ‘८ स्टॉप’ म्हणजे किती? एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ. १०० मिमी लेन्सने हातात धरून स्पष्ट फोटोसाठी शटर साधारण १/१०० सेकंद उघडं ठेवता येतं असं मानलं, तर ८ स्टॉप म्हणजे २५६ पट, म्हणजे जवळजवळ अडीच सेकंद! हा आकडा सीआयपीए या जपानी संघटनेच्या पद्धतीने, ठरावीक लेन्स लावून, कॅमेरा थरथरत्या यंत्रावर बसवून काढतात. तुमचा श्वास, दमलेला हात आणि तुमची लेन्स त्यात नसते.

मी असाच एक नवा कॅमेरा घेऊन नाचाचा कार्यक्रम १/१५ सेकंदाच्या शटर स्पीडवर टिपत बसले होते. नंतर स्क्रीनवर फोटो मोठे केले, तर मागच्या पडद्याची वीणसुद्धा स्वच्छ दिसत होती आणि नाचणाऱ्या मुलीचा हात मात्र धुरासारखा पसरलेला. स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, समोरच्या माणसाला थांबवत नाही. म्हणून फोटो खराब आला की आधी मागची बाजू बघा. ती स्पष्ट आणि माणूस पसरलेला असेल, तर शटर स्पीड १/२५० किंवा त्याहून वर न्या, त्यासाठी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. थोडा नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला चेहरा परत मिळत नाही. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हलला आहे.

दुसरी चूक म्हणजे ‘अंधारातही फोकस’ हे शब्दशः घेणं. २०१८ च्या कॅनन ईओएस आर चं उदाहरण घ्या. त्याचा उणे ६ ईव्हीचा (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, जितकं उणे तितका अंधार) आकडा एफ/१.२ लेन्स, म्हणजे खूप प्रकाश आत घेणारी लेन्स, आणि मधला फोकस पॉइंट धरून दिलेला आहे. तुम्ही एफ/४ झूम लावलीत की सेन्सरवर येणारा प्रकाश ११ पटींनी घटतो. मग लेन्स मागेपुढे करत राहिली तर तो बिघाड नव्हे. मधला पॉइंट निवडा आणि कॉलर किंवा चष्म्याची कड अशी ठळक रेषा पकडा.

सेकंदाला २०-३० फोटोंचा वेग बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक शटरवरचा असतो. त्यात सेन्सर एकेक ओळ वाचत जातो. वाचन सावकाश असेल तर फिरणारी रॅकेट वाकडी दिसते, एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात. असं झालं तर मेकॅनिकल शटरवर या आणि कमी वेग स्वीकारा. सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्री हा कॅमेरा जाहीर केला. त्याचा सेन्सर सगळे पिक्सेल एकदम टिपतो, त्यामुळे हा त्रास खरोखरच संपतो. पण त्याचा मूळ, म्हणजे नेहमीच्या वापरातला सगळ्यात कमी आयएसओ २५० आहे, १०० नाही. नव्या सोयीच्या बदल्यात काय गेलं, हे प्रत्येक वेळी विचारायलाच हवं.

मेगापिक्सेलचा हिशेब सोपा आहे: २४ चे ४८ झाले तरी फोटोची रुंदी दुप्पट होत नाही, १.४ पट होते. ‘१ इंच सेन्सर’ प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो, ते नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून आलेलं आहे. आणि ‘पुढच्या फर्मवेअरमध्ये (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत) येणार’ अशा सोयीसाठी आज पैसे मोजू नका.

कॅमेरा परत करण्याची मुदत संपायच्या आत एक तास काढा. एकच स्थिर वस्तू, नेहमीची लेन्स, १/६० पासून १ सेकंदापर्यंत प्रत्येक शटर स्पीडला दहा फोटो. पूर्ण मोठे करून स्पष्ट आलेले मोजा. दहापैकी आठ जिथे जमतात, ती तुमची मर्यादा. माझ्या हातात हा हिशेब साडेचार स्टॉपच्या आसपास येतो आणि तेवढ्यावर मी निर्धास्त फोटो काढते.