लाळेतल्या अमायलेजची सक्रियता मोजताना

अमायलेज हे विकर (एन्झाइम) स्टार्च तोडते तेव्हा माल्टोजसारख्या क्षपणक (रिड्यूसिंग) शर्करा सुटतात. अल्कधर्मी द्रावणात तापवल्यावर त्या डायनायट्रोसॅलिसिलिक आम्लाचा, म्हणजे डीएनएसएचा, पिवळा रंग नारिंगी-तांबडा करतात. हा रंग ५४० नॅनोमीटरला मोजायचा.

आधी अभिकर्मक, म्हणजे रंग देणारे डीएनएसएचे द्रावण. १ ग्रॅम डीएनएसए २० मिली २ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड आणि ५० मिली पाण्यात विरघळवा. त्यात ३० ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट थोडे थोडे घाला. एकदम ओतले तर गुठळ्या होतात. पाणी घालून १०० मिली करा, गाळा आणि तपकिरी बाटलीत ठेवा. हातमोजे हवेतच.

बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, २० मिलिमोलर फॉस्फेटचा, सामू ६.९. त्यात ६.७ मिलिमोलर मीठ, म्हणजे १०० मिलीला ३९ मिग्रॅ. ते वगळू नका, लाळेतल्या अमायलेजला क्लोराइड लागते. १ ग्रॅम विद्राव्य स्टार्च थोड्या थंड बफरमध्ये कालवून उकळत्या बफरमध्ये ओता, एकूण १०० मिली करा. कोरडी पूड गरम द्रवात टाकली की गोळे झालेच. हे द्रावण त्याच दिवशी वापरा.

चूळ भरून मग लाळ घ्या आणि बफरने १०० पट विरळ करा. ०.५ मिली स्टार्च ३७ अंशांवर ५ मिनिटे ठेवा, ०.५ मिली विरळ केलेली लाळ घाला आणि बरोबर ३ मिनिटांनी १ मिली डीएनएसए ओता. उकळत्या पाण्यात ५ मिनिटे, मग बर्फात. शेवटी १० मिली पाणी घालून नीट हलवा. नळ्या जास्त असतील तर प्रत्येकीत लाळ १५ सेकंदांच्या अंतराने घाला. डीएनएसएही त्याच क्रमाने, त्याच अंतराने.

ब्लँकमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या नळीत, स्टार्चवर आधी डीएनएसए आणि नंतर लाळ. नुसते पाणी ब्लँक म्हणून ठेवले तर स्टार्चमधली आणि लाळेतली मुळातली शर्करा विकराच्या खात्यात जमा होते. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

प्रमाण आलेख, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांच्या रंगांचा आलेख, माल्टोजचाच काढा: १ मिलीत ०.२ ते २ मिग्रॅ. ग्लुकोज चालणार नाही, कारण समान मोलला दोघांचा रंग सारखा येत नाही. बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिले असेल तर १ ग्रॅमऐवजी १.०५३ ग्रॅम तोला.

वाचन आलेखाबाहेर गेले तर रंगीत द्रावणात पाणी घालून आकडा सुधारू नका. तोवर स्टार्च बराच तुटलेला असतो आणि वेग मंदावलेला असतो. लाळ आणखी विरळ करून प्रयोग पुन्हा करा. विकर निम्मे केल्यावर रंगही निम्मा आला पाहिजे. तसा येत नसेल तर ३ मिनिटे तुमच्या नमुन्याला जास्त आहेत.

हिशेब असा: ०.६ मिग्रॅ माल्टोज आले, तर ६०० भागिले ३४२.३ म्हणजे १.७५ मायक्रोमोल. त्याला ३ मिनिटांनी आणि ०.५ मिलीने भागा, १०० ने गुणा. मिलीमागे सुमारे ११७ एकक; एक एकक म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल माल्टोज.