भंगाराचा रेक मागवण्याआधी

पोलाद कारखान्यासाठी भंगाराचा रेक, म्हणजे वॅगनींची अख्खी मालगाडी मागवायची आहे? मग वॅगनींची मागणी नोंदवण्याआधी भट्टी चालवणाऱ्यांसोबत तासभर बसा. पुढच्या महिन्यात कुठल्या ग्रेडचं पोलाद किती ओतायचं, भट्टी दुरुस्तीसाठी कधी बंद राहणार, कुठल्या जातीचं भंगार किती टक्के चालेल, हे लिहून घ्या. गंज, माती आणि वितळताना होणारी घट धरता एक टन द्रव पोलादासाठी ढोबळमानाने १.१ टन भंगार लागतं. तांबं आणि कथील भट्टीत जळून जात नाहीत, पोलादातच उतरतात. म्हणून जातवारी वॅगन भरतानाच पाळा. यार्डात आल्यावर निवडू, असं म्हणणारे पुढे निवडत नाहीत.

आता वॅगनी मोजा, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. पोलादाच्या ठोकळ्याची घनता घनमीटरला ७.८५ टन; पण वाकडेतिकडे अँगल, पत्रे, पाइप एकत्र टाकले की घनमीटरला ०.७ टन भरलं तरी नशीब. समजा वॅगन ६० टनांची आणि तिचा डबा ६० घनमीटरचा आहे. त्यात असा माल ४२ टनच बसेल. काटा अजून जागा दाखवेल, डबा मात्र काठोकाठ भरलेला असेल. दिवसाला ३,००० टन द्रव पोलाद काढायचं तर ३,३०० टन भंगार हवं. वहनक्षमतेवरून धराल तर ५५ वॅगनी पुरतील, प्रत्यक्षात लागतील ७९. तुकडे केलेलं, म्हणजे श्रेडरमधून निघालेलं भंगार घनमीटरला टनाच्या आसपास बसतं, त्यामुळे दूरचा माल शक्यतो तसा किंवा गठ्ठे बांधून मागवा. सुटा हलका माल जवळूनच आणावा.

रिकाम्या वॅगनी आल्या की तळ, बाजूचे पत्रे आणि दारांच्या कड्या बघून घ्या. आधी हलक्या मालाचा थर, मग जड तुकडे. उंचावरून पडलेला जाड तुकडा तळाला भोक पाडतो. वजन पुढच्या-मागच्या बोगीवर (वॅगनीखालच्या चाकांच्या सांगाड्यावर) आणि डाव्या-उजव्या चाकांवर सारखं पडायला हवं. काठाबाहेर सळई डोकावता कामा नये, आणि पातळ पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून वर जाळी हवीच. वर विजेची तार असेल तर वीज बंद केल्याची लेखी खात्री मिळेपर्यंत क्रेन हलवू नका.

बंद सिलिंडर, शॉक ॲब्सॉर्बर, पाणी साचलेले डबे भरण्याच्या जागीच बाजूला काढा. पाणी भट्टीत गेलं की वाफेचा स्फोट होतो. तेलकट बर, म्हणजे लेथवर निघालेला धातूचा कीस, स्वतःहून तापतो, तो ओला आणि गरम असताना चढवू नका. किरणोत्सर्ग तपासणारं दार भरतानाही हवं आणि उतरवतानाही. १९९८ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात भंगारासोबत सीझियम-१३७ वितळलं आणि त्याचे अंश फ्रान्स-इटलीच्या हवेत सापडले. ही दारं कोणाला अवघड वाटली तर ही घटना सांगा.

उतरवण्याचा वेळ घड्याळ लावून मोजा. एका वॅगनीला अर्धा तास धरला तर ४० वॅगनींना एका क्रेनचे २० तास. आणि हीच क्रेन भट्टीची बकेटही भरत असेल तर भट्टी आधी, रेक नंतर. डेमरेज, म्हणजे वॅगनी जास्त वेळ अडवल्याचा दंड, तिथेच चढतं. उतरवायची क्रेन वेगळी ठेवा, नाहीतर रेक अर्धा-अर्धा मागवा. गाडी उशिरा येणार हे धरूनच साठा ठेवा. किती दिवसांचा, ते मागच्या वर्षातल्या सर्वांत वाईट उशिरावरून ठरवा, सरासरीवरून नको.

कागदपत्रांत वॅगन क्रमांक, मालाची जात, एकूण आणि निव्वळ वजन एवढं जुळलं की पुरे. टेअर, म्हणजे रिकाम्या वॅगनीचं वजन, मात्र वॅगनीवर रंगवलेलं घेऊ नका, रिकामी करून काट्यावर घाला. आणि काट्यावर घालण्याआधी आत डोकावा: कोपऱ्यात चिकटलेला चिखल, चुरा तसाच राहिला तर तुम्ही पैसे दिलेला माल त्याच वॅगनीतून परत जातो.