बटण आधी पालथं करा

आमचं घर तांबटांचं. जुन्या नाशकात लहानपण ठोक्यांच्या आवाजात गेलं, त्यामुळे पितळ हातात आलं की डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा सांधा, कुठे दिलाय ते बोटं आपोआप चाचपतात. मेटल डिटेक्टर घेऊन वावरं फिरायला लागल्यापासून हीच खोड कामाला येते. बटण सापडलं की सगळे पुढची नक्षी बघतात. मी आधी पालथं करतो.

सपाट, भरीव चकती आणि तिला डाखाने जोडलेली कडी असेल, तर बटण साधारण अठराव्या शतकाच्या शेवटचं किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीचं. पोकळ असेल, म्हणजे पुढचा पातळ पत्रा मागच्या चकतीवर भांड्याच्या काठासारखा दुमडलेला, तर बहुधा १८१३ नंतरचं. बर्मिंगहॅममध्ये या पद्धतीचं पेटंट त्या वर्षी निघालं. कडीभोवती गोलाकार अक्षरं असतात, ती भिंगातून वाचा. इंग्रजी कारखान्याच्या नावापुढे ‘लिमिटेड’ असेल तर १८५५ च्या आधीचं नाही. ‘गाँट’ या बटणं करणाऱ्या इंग्रजी कंपनीचं नाव असेल तर १८८४ च्या आधीचं नाही. ही खालची मर्यादा झाली; वरची पुढच्या बाजूला मिळते.

आपल्याकडे एक सोय आहे. अंगरखा काय, बाराबंदी काय, सगळं बंदांनी बांधायचं. त्यामुळे नक्षीचं पितळी बटण निघालं की समजा गणवेशाचं: पलटण, रेल्वे, पोलीस. मुंबईला बोटीतून उतरलेले गोरे सोल्जर नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात मुक्कामाला असायचे, तेव्हा त्या बाजूला पलटणीचीच बटणं जास्त.

भगूरकडच्या एका वावरात, कांदा काढून नांगरट झाल्यावर, मला चार बोटं खोल असं एक मिळालं. डावीकडे सिंह, उजवीकडे शिंगवाला घोडा, मध्ये ढाल, वर मुकुट. हे साध्या ब्रिटिश शिपायाचं बटण, १८७१ पासूनचं. त्याआधी शिपायांच्या बटणावर पलटणीचा नंबर असे. आता मुकुट नीट बघा. कमानी मधोमध खचलेल्या असतील तर व्हिक्टोरिया राणीचा, घुमटासारख्या गोल असतील तर १९०१ नंतरच्या राजांचा. माझ्या बटणावर घुमट होता आणि पाठीवर गाँट. म्हणजे विसाव्या शतकाची सुरुवात ते १९४७, एवढ्यातलं. याहून बारीक वर्ष कोणी छातीठोकपणे सांगितलं तर त्याच्याकडून बटण विकत घेऊ नका.

मुकुटाऐवजी अशोकस्तंभाचे सिंह असतील तर स्वातंत्र्यानंतरचं. जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची अक्षरं असतील तर १९५१ च्या आतलं, कारण त्या वर्षी ती मध्य रेल्वेत गेली. चार भोकांची साधी पितळी बटणं विजारीची. त्यांच्यावर डोकं खपवू नका.

साफ करताना मात्र तांबटाचा हात आवरा. माझं पहिलंवहिलं बटण मी चिंच लावून घासलं, घरातला तांब्या घासावा तसं. लखलखलं खरं, पण कडेला उरलेला सोन्याचा मुलामा चिंचेबरोबर मोरीत गेला. आता साधं पाणी, मऊ ब्रश, आणि अक्षरांतली माती काढायला बाभळीचा काटा. बस.

मालकाला विचारल्याशिवाय वावरात पाऊल टाकू नका. पांडवलेण्यांसारख्या संरक्षित जागी खणणं गुन्हा आहे. लष्कराच्या हद्दीत आणि तोफांच्या सरावाच्या माळाकडे तर फिरकूही नका. तिथे डिटेक्टर वाजला तर खाली बटणच असेल असं नाही. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही दडलेलं निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

घरी आल्यावर प्रत्येक बटण वेगळ्या काडेपेटीत, कापसावर. वर लिहायचं: कुठलं वावर, किती बोटं खोल, शेजारी काय निघालं. बटणावर काहीच वाचता येत नाही, तेव्हा शेजारी निघालेलं नाणंच साल सांगतं.