थंडीत मित्रासोबत बाईकवर भिगवणला चाललाय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की पुण्यातल्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्लॅन शिजत असतो, शनिवारी पहाटे ४ ला निघायचं, दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत भिगवणला आणि उजनी धरणाच्या बॅकवॉटरला फ्लेमिंगो बघायचे. प्लॅन मस्त आहे, रस्ता पण मस्त आहे, फक्त ती ४ ची वेळ चुकीची आहे आणि थंडीच्या राईडमधले बरेचसे लोचे त्या एका हट्टातूनच होतात.

जानेवारीत इकडे सूर्य ७ वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे ४ ला निघालात की तीन तास अंधार, वर दिवसातली सगळ्यात गार वेळ, आणि त्या वेळेला रस्त्यावर कोण असतं तर ऊस. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो तो फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो आणि बारामती-इंदापूर पट्ट्यात सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती असे साखर कारखाने आहेत, त्यामुळे रात्रभर ट्रॅक्टर चालू. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा लाईट असलाच तर उसाखाली झाकलेला, रिफ्लेक्टरचं तर बोलूच नका. त्यात समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा कधीकधी एकच हेडलाईट चालू असतो आणि आपल्याला वाटतं बाईक आहे, जवळ आल्यावर कळतं की अख्खा रस्ता त्यानेच व्यापलाय. बैलगाड्यांना तर लाईट हा प्रकारच नसतो. अंधारात एकच दिवा दिसला की तो ट्रॅक्टर आहे असंच धरून चाला आणि दोन ट्रॉल्यांना ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसल्याशिवाय बाहेर पडू नका, कारण पहिली ट्रॉली संपली की सुटलो असं वाटतं आणि मग दुसरी सुरू होते.

सकाळी साडेसहाला निघा. फ्लेमिंगो काही ८ ला ऑफिसला जात नाहीत, १० लाही पाण्यात मान घालून उभे असतात. फोटोवाल्यांना सकाळचा लाईटच हवा असेल तर आदल्या दिवशी उजेडात जाऊन बॅकवॉटरकाठच्या कुंभारगावला मुक्काम करा, तिथे राहण्याजेवणाची सोय होते.

उशिरा निघण्याचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही. पहाटे ५ ला सासवडच्या पुढे पंक्चर झालं तर पंक्चरवाला झोपलेला असतो. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप सोबत ठेवा, ट्यूबवाला टायर असेल तर मग दुकान उघडेपर्यंत शेकोटी शोधा. बॅकवॉटरच्या आतल्या रस्त्यांवर बाभळीचे काटे असतात हेही लक्षात ठेवा.

आता साडेसहाला निघालं की एक नवीन प्रॉब्लेम येतो. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि भिगवण पुण्याच्या साधारण त्याच दिशेला आहे, म्हणजे सव्वासात ते सव्वाआठ ऊन सरळ डोळ्यात. यावर हेल्मेटची काच, म्हणजे वायझर, डार्क घेणं हा उपाय नाही कारण संध्याकाळी परत येताना तोच वायझर डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखा होतो. क्लिअर वायझर आणि खिशात गॉगल. किंवा सरळ त्या तासाभरात जेजुरीला थांबून मिसळ खा, तेवढ्यात सूर्य वर येतो.

बाईक स्टार्टच होत नाही

जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर चोक ओढा, स्टार्ट झाल्यावर मिनिटभराने परत आत ढकला, लोक चोक तसाच ठेवून दिवे घाटापर्यंत जातात आणि मग म्हणतात गाडी पेट्रोल पिते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या, त्यांना चोक नसतोच. चावी फिरवली की गाडीतल्या फ्युएल पंपाचा बारीक आवाज येतो, तो थांबू द्या आणि मग बटण दाबा. नुसतं कट-कट वाजतंय म्हणजे बॅटरी बसलीये, गार हवेत कमजोर बॅटरी सगळ्यात आधी दगा देते. कार्ब्युरेटरवाली गाडी धक्का स्टार्ट होते पण इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलून फक्त मित्राचा घाम निघतो, कारण पेट्रोल चढवणाऱ्या पंपालाच करंट लागतो. म्हणून आदल्या दिवशीच बघा. हवासुद्धा आदल्या दिवशी, टायर गार असताना, आणि मागे मित्र बसणार असेल तर मागच्या टायरला स्टिकरवर लिहिलंय तेवढी वाढवून.

जाड स्वेटर घातला तरी कुडकुडतोय

कारण वारा आत जातोय. तापमान १० अंश असेल आणि तुम्ही ६० च्या स्पीडने जाताय तर उघड्या कातडीला ते ५ अंशांसारखं लागतं. लोकरीतून वारा आरपार जातो, त्यामुळे दोन स्वेटर घालण्यापेक्षा एक स्वेटर आणि वरून पावसाळ्यातला रेनकोट घाला, दिसायला येडपट दिसतं पण काम करतं. छातीवर जॅकेटच्या आत पेपर घालायची आपल्या काकालोकांची आयडिया पण खरंच भारी आहे. लोकरीचे हातमोजे टाळा, लिव्हरवरून बोटं सटकतात. हेल्मेटखाली माकडटोपी नको, हेल्मेट नीट बसत नाही, डोकं-तोंड झाकणारा पातळ कापडी मास्क घाला. मफलरची टोकं जॅकेटच्या आत, बाहेर फडफडणारं टोक चाकात किंवा चेनमधे जाऊ शकतं. आणि रम मारली की गरम वाटतं वगैरे सोडा, कातडीकडे रक्त जास्त जातं म्हणून तसं वाटतं आणि शरीर उलट लवकर गार पडतं, गाडी चालवायच्या लायकीचे राहत नाही ते वेगळंच.

वायझरवर वाफ धरत असेल तर एक खाच उघडा ठेवा आणि निघताना आतून भांड्याच्या साबणाचा पातळ थर देऊन कोरड्या कापडाने पुसून घ्या. बॅकवॉटरजवळ धुकं लागलं तर हाय बीम लावू नका, लाईट धुक्यावर आपटून परत तोंडावर येतो.

मित्राचं काय

मागे बसलेला मित्र गार पडलेला असतो आणि "चालतंय रे, चल" म्हणत राहतो. तो गप्प झाला, प्रश्नाला हं-हं करायला लागला की थांबा आणि चहा पाजा. हेल्मेट त्यालाही, आडरस्त्याला कोण बघतंय असं नाही.

दोन बाईक असतील तर शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ नका. पुढे-मागे, थोडं तिरपं, दोघांत दोन-तीन सेकंदांचं अंतर आणि जो स्लो आहे तो पुढे. पुढचं थांबायचं ठिकाण निघण्याआधीच ठरवा, "मोरगावच्या देवळापाशी" असं स्पष्ट, कारण गारठलेल्या बोटांनी चालत्या गाडीवर फोन उचलायला जाणं हाच मोठा घोळ आहे.

घसरायच्या जागा

कारखान्याच्या फाट्यावर ट्रॅक्टरच्या टायरने आणलेली माती दवाने ओली होते आणि त्यावर सांडलेला ऊस. गावाबाहेर लोक मळणीसाठी तूर, हुलगे रस्त्यावर पसरतात, गाड्या वरून गेल्या की दाणे सुटतात म्हणून. त्यावर ब्रेक मारायचा नाही, आधीच स्लो होऊन सरळ जा नाहीतर कडेने जा, हुलग्याचे वेल चेनला गुंडाळले की सोडवायला अर्धा तास जातो. आणि त्या शेतकऱ्याशी वाद घालू नका, तुम्ही वर्षातून एकदा येता.

परतायला ३ ला निघा. हुरडा, दही, गूळ, चटणी दाबून खाल्लं असेल तर आधी अर्धा तास झाडाखाली आडवे व्हा. सूर्य ६ च्या सुमारास मावळतो आणि दिवे घाट उजेडात उतरलेला बरा. घरी आल्यावर इंजिन गरम असतानाच चेन पुसून ल्युब मारा, दुसऱ्या दिवशी मारू म्हटलं की ते राहतंच.